‘सांगता येत नाही’ हा पर्याय : एका अवघड तर्कप्रश्नाची उकल

गेल्या व्याख्यानात आपण विधाने आणि निष्कर्ष हा भाग संपवला. आज खरं तर सहा प्रश्न घ्यायचे ठरले होते, पण आम्ही पाच बाजूला ठेवले. आज एकच प्रश्न, पूर्ण तासभर. परीक्षेत ज्याला दीड मिनिट मिळतं त्याला इथे तास कशाला, असं तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील. तर आधी थोडा हिशोब करू.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे आपला सीसॅट. ८० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं. २०१५ पासून हा पेपर फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के मिळाले की झालं. त्यामुळे ‘तेवढे तर पडतातच की’ असं सगळेच म्हणतात. ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. एका बरोबर उत्तराला अडीच गुण. २६ बरोबर आले तर ६५ होतात, एक गुण कमी. २७ आले तर साडेसदुसष्ट. आता चुकीच्या उत्तराचे एक तृतीयांश, म्हणजे ०.८३ वजा धरा. २७ बरोबर आणि एक चूक, तर ६६.६७. वाचलो. २७ बरोबर आणि दोन चुका, तर ६५.८३. गेलो! पहिल्या पेपरात मग कितीही गुण असोत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. वर्षभर इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था घोकलेला मुलगा एका ‘वाटलं म्हणून ठोकलेल्या’ उत्तरामुळे बाहेर बसू शकतो. त्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना या पेपराची जास्त धास्ती असते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता प्रश्न. तो आम्ही या व्याख्यानासाठी तयार केला आहे, पण घाट परीक्षेचाच आहे. वहीत उतरवून घ्या.

सात कर्मचाऱ्यांपैकी नेमक्या चार जणांना पूरग्रस्त गावाच्या पाहणीसाठी पाठवायचे आहे. त्यांची नावे : अनघा, भास्कर, चंदू, दीपा, एकनाथ, फातिमा आणि गौरी. अटी अशा :

१. अनघा गेली तर भास्कर जाणार नाही.
२. दीपा गेली तरच चंदू जाईल.
३. एकनाथ गेला नाही तर फातिमा जाईल.
४. गौरी गेल्याशिवाय फातिमा जाणार नाही.
५. दीपा आणि एकनाथ एकत्र जाणार नाहीत.

तर पाहणीसाठी निश्चितपणे कोण जाईल?
(१) फक्त गौरी (२) फातिमा आणि गौरी (३) दीपा आणि फातिमा (४) दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही

दोन मिनिटं घ्या.

झालं? चौथा पर्याय कुणाकुणाला वाटतो, हात वर करा. बरेच हात आहेत. आणि तुमचं म्हणणं काय असेल ते आम्हाला माहीत आहे. पाचही अटी ‘जर-तर’च्या आहेत. ‘अमुक जाणारच’ असं एकही वाक्य दिलेलं नाही. नुसत्या जर-तरमधून ‘निश्चित’ कसं काय निघणार? शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर मिळायला आधी एकेक अट नीट वाचावी लागेल, कारण या प्रश्नात निम्मी मुलं गणितात अडकत नाहीत, मराठीत अडकतात.

दुसरी अट घ्या. ‘दीपा गेली तरच चंदू जाईल.’ इथे सगळा जीव त्या ‘च’मध्ये आहे. तो काढून बघा : ‘दीपा गेली तर चंदू जाईल.’ याचा अर्थ दीपा गेली की चंदू जाणार, आणि दीपा नाही गेली तरी चंदूला कुणी अडवलेलं नाही. आता ‘च’ परत लावा. ‘दीपा गेली तरच’ म्हणजे दीपाशिवाय चंदूला जाता येत नाही. दीपा गेल्यावर चंदू जाईलच का? तसं वाक्यात कुठेच नाही. तो जाऊ शकतो, इतकंच. म्हणजे एका अक्षराने बाण उलटा फिरला. चंदू गेला असेल तर दीपा गेलेली आहे. बाण चंदूकडून दीपाकडे. आणि ‘च’ थोडा पुढे सरकवून ‘दीपा गेली तर चंदूच जाईल’ केलं, तर तिसराच अर्थ, इतर कुणी नाही, चंदू. इंग्रजी प्रश्नात हेच काम ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांच्यातला फरक करतो. तिथे निदान एक अख्खा शब्द वाढतो, आपल्याकडे एक ‘च’ असतो आणि घाईत डोळा त्याच्यावरून घसरतो. म्हणून ‘तरच’ दिसला की पेन्सिलीने त्याला गोल करा. ही सवय आजपासून लावा.

चौथी अटही याच जातीची. ‘गौरी गेल्याशिवाय फातिमा जाणार नाही.’ फातिमा गेली असेल तर गौरी गेलेलीच आहे. बाण फातिमाकडून गौरीकडे. गौरी गेली म्हणून फातिमा जायलाच हवी असं नाही. काही जण ‘गेल्याशिवाय’ वाचून आधी गौरी आणि मागाहून फातिमा असा काळाचा क्रम लावत बसतात. इथे वेळेचा काही संबंध नाही, दोघी एकाच जीपमधून गेल्या तरी चालेल.

तिसरी अट : ‘एकनाथ गेला नाही तर फातिमा जाईल.’ एकनाथ नाही, तर फातिमा आहे. उलट बाजूने फातिमा नाही, तर एकनाथ आहे. थोडक्यात, दोघांपैकी निदान एक जण हवाच. मग दोघंही गेले तर? चालेल. अट मोडत नाही. ‘एकनाथ गेला म्हणजे फातिमा राहिली’ हे आपण आपल्या मनाने जोडतो.

आणि पहिली व पाचवी अट दिसायला वेगळ्या आहेत, पण आतून एकच. ‘अनघा गेली तर भास्कर नाही’ म्हणजे दोघं एकत्र नाहीत. भास्कर गेला तर अनघा नाही, हेही त्यातच आलं. दीपा-एकनाथांचं तसंच. पण इथेही सांभाळा. ‘दोघं एकत्र जाणार नाहीत’ आणि ‘दोघंही जाणार नाहीत’ ही दोन वाक्यं कानाला जवळची वाटतात. पहिल्यात एकाला मुभा आहे, दुसऱ्यात दोघंही घरी.

मधून कुणीतरी विचारतंय, की हे उलटं-सुलटं आपण करतोच का? एवढी साधी गोष्ट चुकते का? चुकते, आणि ढ असल्यामुळे चुकत नाही. घरात आई म्हणते, ‘गृहपाठ झाला तर खेळायला जा.’ शब्दशः बघितलं तर गृहपाठ न झाल्यास काय, याबद्दल आई काहीच बोललेली नाही. पण मूल बरोबर समजतं, की नाही झाला तर खेळ नाही. रोजच्या बोलण्यात ‘तर’ म्हणजे बहुतेक वेळा ‘तरच’ असतं, आणि तसं समजणं हा शहाणपणा आहे. प्रश्नपत्रिकेत मात्र वाक्याने जेवढं सांगितलं तेवढंच घ्यायचं. दोन ठिकाणचे नियम वेगळे आहेत आणि बदल करायला आपल्याला दीड मिनिट दिलेलं असतं.

यावर एक नामांकित प्रयोग आहे. पीटर वेसन नावाचे इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ, वर्ष १९६६. टेबलावर चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. आपल्या सोयीने अक्षरं मराठी घेऊ : दिसतायत अ, क, ४ आणि ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असेल. नियम पाळला गेलाय की नाही हे तपासायला कोणकोणते पत्ते उलटायलाच हवेत? बहुतेक लोक म्हणतात, अ आणि ४. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, ‘सम असेल तर स्वर’ असं कुणी म्हटलेलंच नाही. पण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. वेसन यांच्या प्रयोगात दहातल्या एकालाही हे धड जमलं नाही, आणि ती शिकलेली मंडळी होती. पुढे १९८२ मध्ये फ्लोरिडात ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी हाच सांगाडा ठेवून विषय बदलला. बिअर पीत असेल तर वय १९ च्या वर हवं, मग कुणाकुणाला तपासाल? आता सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बरोबर सांगितलं : बिअर पिणाऱ्याला आणि लहान वयाच्याला. सांगाडा तोच होता. ओळखीच्या नियमात डोकं चाललं, कोऱ्या अक्षरांवर अडलं. म्हणून आम्ही नेहमी सांगतो, अट डोक्यात शिरत नसेल तर तिच्या जागी ओळखीचं वाक्य ठेवा. ‘गाडी चालवत असेल तर लायसन्स हवं.’ नाक्यावरचा हवालदार लायसन्सवाल्याला ‘तू गाडी का चालवत नाहीस’ असं विचारत नाही.

आणि वेसनच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या नैयायिकांनी हे सगळं घोळवलेलं आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. हा झाला अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसं तळ्यात. हा व्यतिरेक. आपण मघापासून जी ‘उलट बाजू’ म्हणतोय ती हीच, दोन्हीकडे नकार लावून बाण फिरवायचा. पण नुसता बाण फिरवून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणालात तर? त्याला त्यांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलं. लालबुंद आहे, अग्नी आहे, धूर कुठाय? धुराला ओलं सरपण लागतं. १७ व्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त हे सारं आहे. आम्हाला तो लोखंडी गोळा फार आवडतो. ‘गौरी गेली म्हणजे फातिमा गेली’ असं लिहायला हात उचलला, की तो गोळा आठवावा.

बरं, आता प्रश्नाकडे. अटी झाल्या, बाण झाले. तरीही ‘निश्चित’ काही दिसत नाही, कारण एक अट आपण मोजलीच नाही. ती आकडा घालून लिहिलेली नाही, पण पहिल्याच ओळीत आहे : ‘नेमक्या चार जणांना’. ही जर-तरची अट नाही. ही सरळ आज्ञा आहे. चार म्हणजे चार.

तर आता असं करू. फातिमा गेलीच नाही असं घटकाभर धरू आणि बघू काय होतं. फातिमा नाही, म्हणून तिसऱ्या अटीने एकनाथ जायलाच हवा. एकनाथ गेला, म्हणून पाचव्या अटीने दीपा जाणार नाही. दीपा नाही, म्हणून दुसऱ्या अटीने चंदू नाही. तर बाहेर कोण कोण बसलं? फातिमा, दीपा, चंदू. सातातून तीन गेले, उरले चार : अनघा, भास्कर, एकनाथ, गौरी. चार हवेत, चार उरले, जमलं असं वाटतं ना? पण अनघा आणि भास्कर एकत्र जाऊ शकत नाहीत. म्हणजे जास्तीत जास्त तीन. चार होतच नाहीत.

म्हणजे फातिमा नाही असं धरलं की पथकच उभं राहत नाही. मग फातिमा जाणारच. आणि फातिमा गेली म्हणजे चौथ्या अटीने गौरीही. उत्तर पर्याय दोन.

थांबा, तिसरा पर्याय खोडायचा राहिला. दीपा जायलाच हवी का? एक पथक दाखवा जे दीपाशिवाय बनतं. अनघा, एकनाथ, फातिमा, गौरी. पाचही अटी लावून बघा. अनघा आहे, भास्कर नाही, ठीक. चंदू नाही, दुसऱ्या अटीचा प्रश्नच येत नाही. एकनाथ आहे, तिसरी सुटली. फातिमाबरोबर गौरी आहे. दीपा नाही, पाचवी ठीक. पथक तयार, आणि दीपा त्यात नाही. एवढं एक उदाहरण पुरतं. पहिल्या पर्यायात गौरी बरोबर आहे, पण ‘फक्त’ हा शब्द त्याला बुडवतो.

हे जे केलं, की जे सिद्ध करायचं ते नाहीच असं धरून गोष्ट कुठे अडते ते पाहायचं, याला नैयायिकांचा खास शब्द ‘तर्क’. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ हे त्यांचं उदाहरण. गंमत म्हणजे अन्नंभट्टांनी तर्काला यथार्थ ज्ञानात जागा दिलेली नाही. संशय आणि विपर्यय यांच्या पंक्तीत बसवलाय त्याला, कारण त्यात आपण मुद्दाम जे नाही ते आहे असं धरतो. आणि आज मराठीत ‘तर्क लढवणे’ म्हणजे जवळजवळ अंदाज बांधणे! शब्दाचा प्रवास कसा होतो पाहा. असो.

प्रश्न आलाय पुढच्या रांगेतून, की सगळी पथकं लिहून काढली तर चालणार नाही का? चालेल. सातातून चार निवडण्याचे ३५ प्रकार होतात. ते सगळे तपासायला दीड मिनिट पुरणार नाही, पण दीपापाशी फाटा पाडला तर काम पटकन होतं. दीपा गेली, तर एकनाथ नाही, म्हणून फातिमा, म्हणून गौरी. तीन जागा भरल्या. चौथी अनघा, भास्कर, चंदू यांच्यापैकी कुणाचीही. तीन पथकं. दीपा नाही गेली, तर चंदूही नाही. अनघा-भास्करांपैकी एकच घेता येतो, मग एकनाथ, फातिमा, गौरी तिघंही लागतात. दोन पथकं. एकूण पाच. पाचांतही फातिमा आणि गौरी आहेत. आणि आणखी एक गोष्ट दिसते का? प्रत्येक पथकात दीपा आणि एकनाथ यांच्यापैकी नेमका एक आहे. पाचवी अट फक्त ‘दोघं नकोत’ म्हणाली होती, ‘एक तरी हवा’ हे आकड्याने आणलं. परीक्षेत याच अटींवर पुढचे दोन-तीन प्रश्न विचारले, जसं ‘चंदू गेला तर कोण राहील’, तर ही पाच पथकं हाताशी असलेला माणूस लगेच सांगेल : अनघा, भास्कर आणि एकनाथ. म्हणून एकच प्रश्न असेल तर ‘नाही धरून बघा’, आणि अटींखाली प्रश्नांची रांग असेल तर फाटा पाडून पथकं लिहा. आमचा कल तरी असा आहे.

आता चौथ्या पर्यायाकडे परत येऊ, कारण इतके हात तिथे वर होते. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर आपल्याला सुरक्षित वाटतं. त्यात आपण काही दावा करत नाही, असं वाटतं. पण तोही दावाच आहे, आणि चांगला मोठा. माहिती अपुरी आहे असं म्हणणाऱ्याने अटी पाळणारी अशी पथकं दाखवायला हवीत, की ज्यांच्यात सामाईक नाव एकही उरत नाही. पहिल्या पथकातला प्रत्येक माणूस दुसऱ्या कुठल्यातरी पथकात गळलेला दिसला पाहिजे. तशी पथकं दाखवता आली तर चौथा पर्याय बिनधास्त निवडा, तो बरोबरच आहे. दाखवता येत नसतील, तर ‘मला सुचत नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांच्यात आपण गल्लत करतोय.

याच प्रश्नात एक शब्द बदलून बघा. ‘नेमक्या चार’ऐवजी ‘नेमक्या तीन’. मग अनघा, एकनाथ, गौरी हे पथक चालतं, फातिमा त्यात नाही. आता दीपा, फातिमा, गौरी हेही चालतं. दोन्हींत सामाईक फक्त गौरी. मग उत्तर ‘फक्त गौरी’ का? गौरीशिवाय पथक बनतं का ते तपासायला हवं. गौरी नाही म्हणून फातिमा नाही, म्हणून एकनाथ आहे, म्हणून दीपा नाही, चंदू नाही. उरले एकनाथ, अनघा, भास्कर, आणि शेवटचे दोघं एकत्र चालत नाहीत. दोनच माणसं झाली, तीन हवीत. म्हणजे गौरी निश्चित, आणि पर्याय पहिला! अटी त्याच, अक्षरसुद्धा हललेलं नाही, नुसता आकडा बदलला. चौथा पर्याय तरीही चूकच राहिला.

आणि ‘नेमक्या दोन’ केलं तर? भास्कर आणि एकनाथ चालतात, फातिमा आणि गौरीही चालतात. सामाईक कुणीच नाही. आता मात्र चौथा पर्याय बरोबर.

वेळ संपत आली. पुढच्या वेळेपर्यंत एक करून आणा. पथक चारचंच ठेवा, पण पाचवी अट खोडून टाका, दीपा आणि एकनाथ यांना एकत्र जायला परवानगी द्या. उत्तर काय येतं ते वहीत लिहा, आणि उत्तरासोबत ते ज्यांच्यामुळे ठरतं ती पथकंही लिहा. नुसता पर्यायाचा आकडा आणलात तर आम्ही तपासणार नाही. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करू, आणि मग राहिलेल्या पाच प्रश्नांकडे वळू.